बोडीचा गाळ, शेरा निरंक

त्या वहीत सहा रकाने होते: क्रमांक, ठिकाण, खोली, रंग, वास, शेरा. पहिले पाच मी मन लावून भरले. सहाव्यात एकच शब्द लिहिला, ‘निरंक’, आणि त्या शब्दापायी एका बाईचं वावर हातचं जायची वेळ आली. त्याचा राग अजून माझ्या डोक्यात आहे. तो कोणावर किती काढायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

मी बल्लारपूरची. बाबा रेल्वेत सांधेवाले. घरात पुस्तकं मोजकी, पण पत्रकांची एक लोखंडी पेटी भरलेली होती. छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून तेव्हा सभा, मोर्चे, भूमिहीनांच्या जमिनीचे सत्याग्रह, सगळ्याची पत्रकं यायची. बाबा ती टाकत नसत. कागद पातळ, शाई एवढी जाड की मागच्या बाजूला उमटायची, त्यामुळे एका पानावर दोन सभा वाचाव्या लागत. मी अक्षरं त्यावर शिकले. पत्रकाचा रिवाज असा की पहिली ओळ प्रश्नाची आणि शेवटची सभेच्या जागेची. मधे कुठेतरी हमखास असायचं: कोणी सांगितलं म्हणून मानू नका, पुरावा मागा.

पुरावा मागा, हे माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की आईने मीठ जास्त झालं म्हटलं तरी मी चाखल्याशिवाय मान हलवत नसे. मग वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी केली आणि नागपूरच्या एका प्रयोगशाळेत हंगामी मदतनीस म्हणून लागले. जिथे माणसाच्या शब्दावर काही चालत नाही अशा जागी आपण पोचलो, असं मला वाटलं.

तिथले सर समुद्राच्या तळाचा गाळ वाचत. वाचत हाच शब्द ते वापरत. गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्याच्या पुढे खोल पाण्यात जहाजावरून लोखंडी नळी सोडतात. ती तळात रुतते आणि वर येते तेव्हा तिच्यात हजारो वर्षांचा गाळ थरावर थर असतो, सगळ्यात जुना खाली, नवा वर. त्या गाळात फुलांचे पराग असतात. हाड झिजतं, लाकूड कुजतं, पण परागाच्या कणाचं कवच इतकं चिवट की ते तसंच राहतं. कोणत्या थरात कुठल्या झाडांचे कण किती, हे मोजलं की त्या काळी जमिनीवर जंगल होतं की गवत, पाऊस भरपूर होता की ओढ देत होता, याचा अंदाज बांधता येतो.

समुद्रातल्या गाळात आमचं जंगल कसं? सरांनी पहिल्या दिवशी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं. वैनगंगा वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी समुद्रात. ‘‘तुमच्याकडचं ऐनाचं झाड फुललं,’’ सर म्हणाले, ‘‘की त्याचा थोडा हिशेब समुद्राकडे जातो.’’ मला ते फार आवडलं. त्या रात्री मी बाबांना पत्र लिहिलं की आपल्या जंगलाची नोंद समुद्र ठेवतो, तहसील नाही ठेवत.

काम किचकट होतं. चिमूटभर गाळ घ्यायचा, एका आम्लात चुना विरघळवायचा, दुसऱ्यात वाळू. दुसरं आम्ल इतकं जहाल की काच खातं, म्हणून भांडी प्लास्टिकची. मग उकळ, धू, गरगर फिरवून तळाशी बसव, पुन्हा धू. शेवटी राहतो तो एक तपकिरी थेंब. तो काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की दिसतात कण. गवताचा कण गोल, त्याला एकच भोक. ऐन, धावडा, अर्जुन यांचे कण इतके सारखे की ते एकाच खान्यात मोजायचे. मोहाचा कण मी कितीतरी दिवस शोधला.

‘‘तो फारसा मिळणार नाही,’’ सर म्हणाले. ‘‘मोहाचा पराग वटवाघळं नेतात, पळसाचा पक्षी. वाऱ्यावर उडतच नाही, तर नदीत कुठून येणार? समुद्रात जातो तो वाऱ्यावर आणि पाण्यावर स्वार झालेला.’’

‘‘म्हणजे मोह नव्हताच असं धरायचं?’’

‘‘धरायचं नाही. पण लिहायला पुरावा नाही.’’

मी मान डोलावली. आता ते आठवलं की माझ्याच मानेचा राग येतो.

समुद्राचा गाळ एकटा वाचता येत नाही. आज जमिनीवर जे उगवतं त्याची आजच्या गाळात कशी खूण पडते, हे आधी पाहावं लागतं. म्हणून एका उन्हाळ्यात आम्ही चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतून तळ्यांचा आणि बोड्यांचा गाळ गोळा करत फिरलो. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. पाट्यांवरचा जुना जिल्हा खोडून नवा लिहिला होता. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला बांध घालून केलेलं लहान तळं. धानाला पावसाने दगा दिला तर बोडीचं पाणी. अकरा ठिकाणं ठरली होती. अकरावं मार्कंड्यापासून आत, जंगलाला लागून असलेल्या एका गावात.

मार्कंड्याची जत्रा होऊन महिना उलटला होता. सर आणि ड्रायव्हर वनखात्याच्या विश्रामगृहात उतरले. तिथे बाईमाणसाची सोय नव्हती, म्हणून पोलीस पाटलाने मला एका एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरी नेऊन सोडलं. साठीची असेल. केस पांढरे, पाठ ताठ. माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग बाप काय करतो.

‘‘मंग तं आपलीच,’’ ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. ‘‘जेवणात भात हाये अन् आंबाडीची भाजी. शिकलेल्या पोरीले चालते का?’’

‘‘चालते.’’

‘‘चालीन नाई तं काय करशीन. हाटेल गडचिरोलीले हाये.’’

तिचं वावर जबरानजोत होतं. म्हणजे ज्याचा कागद नाही, ते कसणाऱ्याचं पण नोंदीत जंगल. आमच्याकडच्या कितीतरी भूमिहीनांनी असं रान मोडून वावर केलं. बाबांच्या पेटीतली निम्मी पत्रकं त्यावरच होती. सरकारने एक साल ठरवलं होतं. त्याआधीपासून कसत असाल तर पट्टा मिळेल, नंतरचं असेल तर उठावं लागेल. तिचं म्हणणं, तिच्या सासऱ्याने रान मोडलं. सासरा मेला, नवरा मेला, कागद कुणाकडेच नव्हता. चौकशी लागणार होती. ‘‘लागू दे,’’ ती म्हणाली. ‘‘वावर कुठी पळून जाऊन राह्यलं का?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्याच वावराला लागलेल्या बोडीत नळी ठोकायला गेलो. पाणी मधे गुडघाभर उरलं होतं. सर पँट वर करून चिखलात उभे, ड्रायव्हर हातोडा मारतोय, मी काठावर वही घेऊन. ती बांधावर येऊन बसली.

‘‘कायचा शोध लावून राह्यले सायेब? सोनं पडलं का आमच्या बोडीत?’’

‘‘चिखल हवाय बाई,’’ सर हसून म्हणाले.

‘‘चिखल? नागपुरात संपला का?’’

ड्रायव्हर हातोडा टेकून हसायला लागला. सरही हसले. वनखात्याचे अधिकारी आदल्या दिवशी जीप घेऊन येऊन परवानगीचा कागद पाहून गेले होते, तेही चहा पिताना असेच हसरे होते. सगळे हसतमुख लोक.

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘ह्याच्यात काय भेटते तुमाले? ह्यातला गाळ तं आमी नेतो. वैशाखात बोडी सुकली का खोदाचा अन् वावरात टाकाचा. घरटी काठीनं मोजून वाटा असते. मी लगन होऊन आली तं पहिलं काम तेच. नव्या सुनेनं पहिलं टोपलं उचलाचं, असा रिवाज हाये इथचा. अर्धी बोडी माह्या वावरात हाये.’’

सर नळी उपसण्यात गुंतले होते. शिवाय ते पुण्याचे. तिचं बोलणं त्यांना निम्मं कळत नसे, आणि ते मधूनमधून माझ्याकडे पाहत, भाषांतरासाठी. मला प्रत्येक शब्द कळला होता. ती माझीच बोली होती, घरात मी तीच बोलत होते.

‘‘काय म्हणतात त्या?’’ सरांनी विचारलं.

‘‘काही नाही सर, गावातलं,’’ मी म्हणाले.

आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं.

का लिहिलं? मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं की घाई होती, ऊन होतं. खरं कारण वेगळं आहे. ती सकाळपासून बोलत होती, हसवत होती, आणि माझ्या गावच्या बोलीत बोलत होती. आपण तिच्या शब्दाला वजन दिलं तर सरांना वाटेल, ही पोरगी खेड्यातल्या गप्पा शास्त्रात घालते. मला शास्त्रीय दिसायचं होतं. पुरावा नळीत होता, बांधावर बसलेली होती ती बाई. पत्रकांवर वाढलेल्या मुलीने पुरावा कशाला म्हणायचं हे परस्पर सरांच्या नजरेतून ठरवून टाकलं.

पावसाळ्यात नळ्या उघडल्या. अकरा नंबरची मीच केली. वरची चार बोटं गवताच्या कुळातल्या कणांनी भरलेली, धान असेल, बांधावरचं गवत असेल; त्यात कमळाचे थोडे. त्याखाली एकदम ऐन-धावड्याचा खाना वाढलेला आणि कोळशाचे बारीक कण. मधला टप्पाच नाही. सर म्हणाले, ‘‘किती स्वच्छ आहे बघा. कालपरवापर्यंत जंगल, मग अचानक शेती.’’ गाळ दरवर्षी सारखाच साचतो असं धरून त्यांनी वरच्या चार बोटांचं वय काढलं. ते थोडंच निघालं.

दिवाळीच्या आगेमागे वनअधिकाऱ्यांचं पत्र आलं. आपल्या कामाला सहकार्य केलं होतं, तर अमुक गावच्या तळ्याबाबत आपला निष्कर्ष दोन ओळींत मराठीत कळवावा. सरांनी सांगितलं, मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं. ‘ठिकाण क्रमांक अकरा येथील गाळावरून परिसरात शेतीची सुरुवात अलीकडची दिसते.’ एवढंच. सरांनी सही केली. मला त्यात ती बाई दिसली नाही. मला अकरा नंबर दिसला.

पंधरवड्याने मी घरी गेले तेव्हा बाबांनी एक पोस्टकार्ड हातात दिलं. ते बल्लारपूरच्या पत्त्यावर आलं होतं. गावातल्या कुणाकडून तरी तिने लिहवून घेतलं होतं. चौकशी झाली, तुम्ही चिखल नेला त्याचा कागद साहेबाने वाचून दाखवला, त्यात आमची शेती कालची असं आहे. पुढची तारीख संक्रांतीनंतरची आहे. शेवटी एक ओळ होती: माझ्या घरी दोन वेळा जेवलीस, मग तिथे काय सांगितलंस?

 बाबांनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र पाहिलं.

नागपूरला परत गेल्यावर मी पहिल्यांदा वही काढली. मग सरांकडे गेले.

‘‘सर, त्या बोडीतला गाळ दर काही वर्षांनी काढतात. वरची चार बोटं म्हणजे शेवटच्या उपशानंतरचा गाळ. त्याच्या खालचा मूळ तळ, बांध घालण्याआधीचा. मधली सगळी वर्षं तिथे नाहीतच.’’

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘ती बाई म्हणाली होती. बांधावर.’’

सरांनी वही माझ्या हातून घेतली, पान उलटलं आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

‘‘इथे काय लिहिलंय?’’

‘‘निरंक.’’

‘‘कोणाच्या अक्षरात?’’

 ‘‘माझ्या. पण सही तुमची आहे. तुम्ही गाळ सारखा साचतो असं धरलं, कोणाला विचारलं होतं?’’

‘‘समुद्रात कोणी टोपलं घेऊन उतरत नाही,’’ सर म्हणाले.

‘‘ही बोडी आहे सर.’’

 ते म्हणाले, ‘‘अकरा गेला तर एक ते दहा पण जातात. हा रिवाज एकाच गावात असेल का? पूर्ण हंगामाची तुलना जाते. आता तोंडी आठवणीवर मी काय मागे घेऊ? पुरावा आण.’’

पुरावा आण. माझ्याच पेटीतलं वाक्य माझ्याच तोंडावर. फरक एवढाच की पत्रकात ते खालचा माणूस वरच्याला विचारत असे. इथे कागद ज्याच्या बाजूने होता त्याच्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं, आणि जिचं वावर जाणार होतं तिने सिद्ध करायचं होतं की आपण होतो.

मी रजा टाकली आणि गेले. ती धान झोडपून मोकळी झाली होती. मला पाहून आत गेली, पाणी आणलं, माझ्यापुढे ठेवलं आणि उभीच राहिली.

‘‘काय लिवलं होतं तू?’’

मी सांगितलं. निरंक म्हणजे काय तेही सांगितलं.

‘‘म्हणजे मी काई बोललीच नाई?’’

‘‘हो.’’

‘‘मले तं वाटलं मी लय बोलते,’’ ती म्हणाली. मग भांडं पुढे सरकवून, ‘‘पाणी पी. आता काय करतेस ते बोल.’’

मी म्हटलं, बोडीतले थर नाहीत, पण ते गेले कुठे हे तुम्हीच सांगितलं होतं. वावरात खड्डा करू. तिने कुदळ आणली. मला चार घाव मारू दिले आणि पाचव्याला कुदळ काढून घेतली. ‘‘असं खणलं तं तारीख निंघून जाईन.’’ कमरेच्या खाली जाईपर्यंत ती खणत होती. खड्ड्याची भिंत मी सुरीने तासली. वर हातभर काळा, चिकट गाळ, त्यात बारीक गोगलगायींची कवचं. त्याखाली लालसर, खडीची मूळ जमीन. रेघ मारल्यासारखा फरक.

‘‘हे पाय,’’ ती खालच्या मातीवर पाय आपटून म्हणाली, ‘‘हे माह्या सासऱ्याचं वावर. ह्याच्यात कोदोचं पीक बी धड होत नोयतं. अन् हे वरचं माहं डोस्क्यावरचं. एकेक टोपलं.’’

काळ्या गाळात मी तळापासून वरपर्यंत ठिकठिकाणी डब्या भरल्या. या वेळी शेरा आधी लिहिला. तिच्या शब्दांत, तिच्या बोलीत, अर्धं पान. रकान्यात मावेना म्हणून कडेला लिहिलं, तिथेही मावेना म्हणून मागे लिहिलं.

प्रयोगशाळेत ते काम मी रविवारी केलं, न विचारता. सोमवारी सरांना काच दाखवली.

‘‘गोगलगायी धानाच्या खाचरात, तुमच्या बांधीतही असतात,’’ डोळा लावण्याआधीच ते म्हणाले.

‘‘कमळ असतं का सर?’’

ते खूप वेळ वाकून पाहत राहिले. काच सरकवत, मागे घेत. हातभर गाळात तळापासून वरपर्यंत कमळाचे कण होते, बोडीत होते तसेच. सूक्ष्मदर्शकासमोर हा माणूस खोटं बोलू शकत नव्हता, हे मी त्याच्याबद्दल आजही म्हणेन. उठले तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, ‘‘डोक्यावरून हातभर चढवायला किती वर्षं लागली असतील?’’

‘‘ती लग्न होऊन आली तेव्हापासून. आणि त्याआधी तिची सासू.’’

त्यांनी तीन ओळी लिहिल्या. क्रमांक अकराबाबत आधी कळवलेला निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे. तळ्यातील गाळ वेळोवेळी काढला गेल्याने त्यावरून शेतीचा काळ ठरवता येत नाही. शेतातील गाळावरून शेती बरीच जुनी असण्याची शक्यता आहे. मी ‘शक्यता’वर अडले. ते म्हणाले, ‘‘शास्त्र एवढंच म्हणू शकतं.’’

‘‘पहिल्या कागदात शक्यता नव्हती सर. पहिल्यात ‘दिसते’ होतं.’’

त्यांनी शक्यता खोडलं नाही. मी ते पत्र घेतलं आणि स्वतः नेलं, टपालावर माझा विश्वास उरला नव्हता.

वनअधिकाऱ्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. पत्र वाचलं. ‘‘अरे, हे आधी आलं असतं तर,’’ ते म्हणाले. तारखेला अजून चार दिवस होते. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, तारीख ऐकण्याची आहे, सागाच्या रोपवनाचा कार्यक्रम मात्र आधीच मंजूर होऊन गेला, त्यात ते क्षेत्र धरलेलं आहे. ‘‘तुमच्याच रिपोर्टवर धरलं ना मॅडम. आम्ही काय मनाने करतो का?’’

दोन ओळींच्या कागदाने क्षेत्र धरता येतं, तीन ओळींच्या कागदाने सोडता येत नाही. हे मला कोणीतरी समजावून सांगावं. मी चहा प्यायले नाही. आता वाटतं, प्यायला हवा होता आणि मग भांडायला हवं होतं. मी फक्त भांडले.

तारखेला चौकशीत ती बोलली. मी बाजूला उभी होते. या खेपेला तिचं बोलणं कारकुनाने उतरून घ्यावं यासाठी मी तिला प्रत्येक वाक्यानंतर थांबायला लावलं. ती वैतागली. ‘‘मी बोलू का तू थांबवशीन?’’ कारकून हसला, पण उतरवत गेला. निकाल असा लागला: वावराचा बोडीकडचा तुकडा पुढील आदेशापर्यंत तिच्याकडे, जंगलाकडच्या तुकड्यात ठरल्याप्रमाणे साग. पुढील आदेश अजून आलेला नाही. त्या शब्दांवर ती दर वर्षी धान पेरते.

सरांचा लेख नंतर छापून आला. समुद्राच्या नळीचे आलेख सुंदर होते. तळ्या-बोड्यांच्या गाळाच्या तक्त्यात एक ते दहा क्रमांक होते. अकरा नव्हता. का नाही, याबद्दल एक शब्द नव्हता. आणि वरच्या थरातल्या वाढत्या गवताबद्दल एक वाक्य होतं, की फिरती शेती करणाऱ्या स्थानिकांनी केलेली जंगलतोड त्यातून दिसते. स्थानिक. ज्यांना एकदाही विचारलं नाही त्यांना दोष द्यायला मात्र शब्द सापडला. मी नोकरी सोडली. सरांनी चांगलं शिफारसपत्र दिलं. ते मी फाडलं नाही, पण वापरलंही नाही.

मग मी एक वही घेतली आणि एसटीने, सायकलने, पायी त्या दहाही गावांना परत गेले. प्रश्न एकच: बोडीतला गाळ काढता का, कधी, कुठे टाकता? बहुतेक ठिकाणी लोक माझ्याकडे पाहत राहिले, इतकं साधं कोणी विचारतं का म्हणून. एका गावात एक म्हातारा म्हणाला, ‘‘बाई, न काढला तं बोडीची बांधी होईन ना.’’ दुसरीकडे मला काठी दाखवली, वाटे मोजायची, खाचा पाडलेली. फक्त एका तळ्यात उपसा नव्हता. ते देवाचं होतं. सगळं मी लिहिलं आणि बाबांच्या ओळखीच्या छापखान्यातून पत्रक काढलं. रिवाजाप्रमाणे पहिली ओळ प्रश्नाची होती: तुम्ही आम्हाला विचारलं होतं का? एक प्रत सरांना पाठवली, एक वनअधिकाऱ्यांना. उत्तर कोणाचंच आलं नाही. बाबांनी एक प्रत घडी करून पेटीत ठेवली.

पुढच्या वैशाखात बोडी सुकली तेव्हा मी गावात होते. बाबाही आले होते, त्यांना काठीने वाटा मोजलेला पाहायचा होता. घरटी माणसं उतरली. तिचा वाटा आम्ही तिघांनी वाहिला. तिने मला पहिलं टोपलं उचलायला लावलं. मी म्हटलं, मी कोणाची सून नाही. ‘‘चूक तं केली ना इथची,’’ ती म्हणाली. ‘‘उचल.’’

बोडीकडचा तुकडा भरून झाल्यावरही तिची टोपली थांबेनात. ती जंगलाकडच्या तुकड्यात गेली. तिथे वनखात्याने खोल खड्डे करून, खालची लाल माती वर काढून सागाची रोपं लावली होती, वीतभर, पानं उन्हाने सुकलेली. ती रोपांच्या मधून गाळ पसरत होती.

‘‘मोठेबाई, ते तर आता त्यांचं आहे,’’ बाबा म्हणाले.

‘‘खड्डे त्यायचे हाये. मधातलं कोनाचं ते कागदात कुठी लिवलं?’’

‘‘रोपाला हात लागला तर केस होईल.’’

‘‘मी कायले हात लावू?’’ टोपली रिकामी करत ती म्हणाली. ‘‘उपटत बी नाई, तोडत बी नाई. पर गाळ त्याच्या बुडाले एक मूठ टाकणार नाई. माहा गाळ हाये.’’

संध्याकाळपर्यंत तो तुकडा काळा झाला होता. त्यात ओळीने लाल वर्तुळं राहिली होती, एकेका रोपाभोवती एकेक, तिने हाताने गाळ मागे सारून कोरी ठेवलेली.